कोलिऊर : सावली नाकारणाऱ्या गावाची सावली

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पिरेनीज पर्वताची शेवटची सोंड भूमध्य समुद्रात उतरते. त्या उतारावर कोलिऊर नावाचे एक छोटे बंदर आहे. वस्ती जेमतेम अडीच-तीन हजारांची. दोन लहान खाड्या, त्यांच्यामध्ये पाण्यातून वर आलेला किल्ला, टोकाला गुलाबी घुमटाचा चर्चचा मनोरा, मागे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या आणि त्यावर डोंगर. अर्ध्या तासात गाव चालून होते. या किनाऱ्याला फ्रेंच लोक ‘कोत व्हेर्मेय’ म्हणजे ‘शेंदरी किनारा’ म्हणतात. स्पेनची सरहद्द येथून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येते.

प्रवासी-पुस्तकांत कोलिऊरची ओळख ठरलेली असते : आधुनिक चित्रकलेतील ‘फोव्ह’ पंथ येथे जन्मला, रंग पाहायला या. ही ओळख खरी आहे, पण अर्धी आहे. ज्या गावात १९०५ साली दोन चित्रकारांनी चित्रातून सावली हद्दपार केली, त्याच गावात चौतीस वर्षांनी स्पेनचा एक थोर कवी निर्वासित म्हणून मरण पावला आणि त्याच गावचा किल्ला निर्वासितांचा तुरुंग झाला. या दोन्ही गोष्टी एकाच चौकातून दिसतात. कोलिऊरमध्ये काय पाहावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना त्या एकत्र का पाहाव्या लागतात, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

किल्ला, आणि किल्ल्यासाठी पाडलेले गाव

आधी गावाची ठेवण समजून घेऊ. हा मुलूख कातालान भाषेचा. गावाचे कातालान नाव ‘कोत्लिउरे’. १२७६ ते १३४४ या काळात मायोर्काचे एक स्वतंत्र राज्य होते. त्याची मुख्य भूमीवरची राजधानी पेर्पिन्यां येथे होती आणि राजे उन्हाळ्यात समुद्रकाठी कोलिऊरच्या किल्ल्यात येऊन राहत. पुढे किल्ला आरागॉनकडे आणि नंतर स्पेनच्या हाब्सबुर्ग राजांकडे गेला. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात गावामागच्या टेकडीवर ताऱ्याच्या आकाराचा सेंट-एल्म हा दुसरा किल्ला उभा राहिला. १६४२ मध्ये फ्रेंचांनी वेढा घालून कोलिऊर जिंकले आणि १६५९ च्या पिरेनीज तहाने हा सगळा प्रांत कायमचा फ्रान्सला मिळाला.

सरहद्दीवरचे गाव हाती आल्यावर चौदाव्या लुईचा प्रसिद्ध दुर्गस्थपती वोबाँ याने संरक्षणाची पाहणी केली. किल्ल्याला खेटून असलेली जुनी वस्ती त्याला तोफांच्या माऱ्याच्या आड येणारी वाटली. ती पाडण्यात आली. गावचे जुने चर्चही त्यात गेले. आज किल्ला आणि गाव यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, आणि जिच्यामुळे किल्ला एवढा देखणा वाटतो, ती या पाडापाडीतून निर्माण झाली आहे. उरलेले लोक खाडीच्या पलीकडे, ‘मूरे’ नावाच्या चढावरच्या आळीत दाटीवाटीने राहू लागले. अरुंद बोळ, रंगीत दरवाजे आणि दारातली फुलझाडे यांसाठी पर्यटक जिचे फोटो काढतात, ती हीच आळी.

नवे चर्च १६८४ ते १६९१ या काळात समुद्राला अगदी लागून बांधले गेले. त्याचे नाव ‘नोत्र-दाम-दे-झांज’. बंदरात येणाऱ्या गलबतांना खूण म्हणून उभा असलेला जुना दीपस्तंभ हाच त्याचा घंटामनोरा बनवण्यात आला. त्यावरचा गुलाबी घुमट तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. चर्चमध्ये जरूर जावे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. मग डोळे सरावले, की लाकडात कोरून सोन्याने मढवलेल्या नऊ वेदी अंधारातून हळूहळू पुढे येतात. त्यांतली मुख्य वेदी जोसेप सुन्येर या कातालान शिल्पकाराची आहे. १७०० च्या आसपासचे, छताला भिडणारे हे तीन मजली काम पाहिले, की मासेमारांच्या या लहानशा गावात त्या काळी किती पैसा आणि किती श्रद्धा होती याचा अंदाज येतो.

१९०५ चा उन्हाळा

१९०५ च्या मे महिन्यात आंरी मातीस कोलिऊरला आला. वय पस्तीस, पदरी बायको-मुले, हाती पैसा बेताचा आणि चित्रांना मागणी थोडी. रंगाचे सुटे ठिपके शेजारी-शेजारी मांडून चित्र उभे करण्याच्या तेव्हाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने तो काम करत होता आणि तिला कंटाळलाही होता. त्याच्या आग्रहावरून जुलैमध्ये पंचवीस वर्षांचा आंद्रे दरें येऊन मिळाला. पुढचे काही आठवडे दोघांनी शेजारी बसून त्याच होड्या, तीच छपरे, तोच मनोरा रंगवला.

त्या आठवड्यांत घडले ते थोडक्यात असे. चित्रात प्रकाश दाखवायचा तर शेजारी सावली काळपट करायची, ही युरोपीय चित्रकलेची शतकांची रीत होती. कोलिऊरचे ऊन इतके प्रखर आहे, आणि समुद्र, वाळू, भिंती यांवरून ते इतके परावर्तित होते, की सावलीतही रंग भरलेला दिसतो. दरेंने जुलैअखेर आपला मित्र व्लामिंक याला लिहिलेल्या पत्रात प्रकाशाच्या या नव्या कल्पनेविषयी लिहिले आणि सावलीचा नकार हे तिचे मुख्य लक्षण म्हणून सांगितले. सावलीच्या जागी आता शुद्ध निळा, जांभळा किंवा हिरवा रंग आला. वाळू लाल झाली, झाडांचे बुंधे निळे झाले, समुद्राला गुलाबी पट्टे आले. कॅनव्हासचा काही भाग कोराच ठेवला जाऊ लागला, कारण तो पांढरेपणाही उन्हाचेच काम करत होता.

याला केवळ हवापाणी कारण नव्हते. त्याच उन्हाळ्यात दानिएल द मोन्फ्रे या चित्रकाराच्या घरी दोघांना पॉल गोगँची ताहितीतली चित्रे पाहायला मिळाली. मोन्फ्रे हा गोगँचा विश्वासू मित्र होता आणि बरीच चित्रे त्याच्याकडे होती. सपाट, मोठ्या रंगक्षेत्रांनी चित्र कसे उभे राहते याचा पुरावाच समोर होता. कोलिऊरच्या उन्हाने प्रश्न विचारला आणि गोगँच्या चित्रांनी उत्तराची दिशा दाखवली, असे म्हणायला हरकत नाही.

शरद ऋतूत ही चित्रे पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ प्रदर्शनात लागली. त्याच दालनात अभिजात वळणाचे एक लहान शिल्प ठेवलेले होते. समीक्षक लुई व्होसेल याने लिहिले, की हा तर श्वापदांच्या घोळक्यात सापडलेला दोनातेल्लो! ‘फोव्ह’ म्हणजे श्वापद. टिंगलीतून पडलेले हे नाव पंथाला चिकटले.

आज या चित्रांपैकी एकही महत्त्वाचे चित्र कोलिऊरमध्ये नाही. मातीसचे ‘उघडी खिडकी’ वॉशिंग्टनला आहे, ‘कोलिऊरची छपरे’ सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये, तर दरेंच्या मासेमारी होड्या न्यू यॉर्कला. गावाने यावर सोपा उपाय केला. ज्या-ज्या ठिकाणी उभे राहून चित्र काढले गेले, तेथे त्या चित्राची प्रतिकृती लावली. अशा सुमारे वीस प्रतिकृतींच्या वाटेला ‘फोव्हिझमची वाट’ म्हणतात. काही ठिकाणी लोखंडी रिकाम्या चौकटीही उभ्या केल्या आहेत. त्यांतून पाहिले, की मनोरा आणि खाडी चित्रासारखी बंदिस्त दिसतात.

ही वाट चालताना एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. प्रतिकृतीसमोर थांबून आधी समोरचे दृश्य नीट पाहावे आणि मग चित्राकडे वळावे. आपण उलट करतो. चित्र पाहून मग समोर तसे काही दिसते का ते शोधतो आणि निराश होतो. दृश्य आधी पाहिले, तर चित्रकाराने कशाला कात्री लावली, काय वाढवले, कोणता रंग कोठून उचलला, हे कळू लागते. होड्यांचे भडक रंग, उदाहरणार्थ, बरेचसे खरेच होते. कातालान मासेमार आपल्या होड्या तशाच लाल, निळ्या, पिवळ्या रंगवत. त्रिकोणी शिडाच्या त्या जुन्या होड्यांपैकी थोड्या आजही जपून खाडीत बांधून ठेवलेल्या दिसतात.

दुसरी खिडकी

मातीस पुढेही अनेकदा कोलिऊरला आला. १९१४ च्या शरदात तो येथे होता तेव्हा महायुद्ध सुरू झालेले होते. सैन्यात भरती होण्याचा त्याचा प्रयत्न वय आणि प्रकृती यांमुळे फेटाळला गेला होता. त्या दिवसांत त्याने पुन्हा एकदा समुद्राकडे उघडणारे दार-खिडकीचे चित्र काढले. दोन्ही बाजूंना राखी, निळसर, हिरवट उभे पट्टे, आणि मधोमध, जेथे नऊ वर्षांपूर्वी होड्या आणि गुलाबी पाणी होते, तेथे सपाट काळा रंग. नीट पाहिले तर त्या काळ्याखाली गच्चीच्या कठड्याच्या रेषा अंधूक दिसतात. म्हणजे दृश्य आधी रंगवले आणि मग झाकले. हे चित्र मातीसने हयातीत कधी प्रदर्शनात ठेवले नाही. आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे.

त्या काळ्या रंगाचा अर्थ काय, यावर समीक्षकांनी खूप लिहिले आहे. कोणी त्याला युद्धाचे सावट म्हणतात, कोणी अमूर्त कलेची पूर्वखूण. चित्र अपुरे राहिले असेल, असेही एक मत आहे. मातीसने स्वतः काही नोंदवून ठेवलेले नाही, तेव्हा आपण निकाल देण्याचे कारण नाही. एवढे मात्र निश्चित, की १९०५ ची उघडी खिडकी आणि १९१४ चे काळे दार ही दोन चित्रे एकाच गावची आहेत, आणि गावाच्या भिंतींवर, भेटकार्डांवर, कपबश्यांवर सर्वत्र दिसते ती पहिली.

खारवलेला मासा आणि पायऱ्यांचे मळे

चित्रकार येण्याआधी आणि नंतरही गाव जगले ते ‘आंश्वा’ या माशावर. आपल्या मांदेलीच्या कुळातला हा लहान रुपेरी मासा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत रात्री होड्यांतून दिवे लावून तो पकडत. दिव्याच्या उजेडाला मासा वर येतो आणि जाळ्यात सापडतो. किनाऱ्यावर आल्याबरोबर त्याला मीठ लावायचे, मग बायकांनी हातानेच डोके आणि आतडी एका झटक्यात काढायची आणि पिंपात माशाचा एक थर, मिठाचा एक थर असे रचत जायचे. वर वजन ठेवायचे आणि निदान तीन महिने मुरू द्यायचे. मांस लालसर तपकिरी होते आणि त्याला एक खोल, पिकलेली चव येते. पुढे तो मिठातच बरणीत भरतात किंवा धुऊन, काटा काढून तेलात ठेवतात. भाजलेली लाल ढोबळी मिरची, लसूण, उकडलेले अंडे आणि ऑलिव्हचे तेल यांबरोबर तो खाण्याची येथील रीत आहे.

एके काळी गावात असे मीठघालू कारखाने पुष्कळ होते. आज रोक (१८७०) आणि देक्लो (१९०३) ही दोनच जुनी घराणी उरली आहेत. दोन्हीकडे काम पाहता येते आणि चवही घेता येते. कामाचा हातखंडा अजून बायकांच्याच हाती आहे. २००४ मध्ये कोलिऊरच्या आंश्वाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. मासेमारीचा धंदा मात्र शेजारच्या पोर-व्हांद्र बंदरात गेला. कोलिऊरची खाडी पोहणाऱ्यांची झाली.

गावामागच्या डोंगरावर चढले, की दुसरे पिढीजात काम दिसते. येथील खडक पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा, काळपट. त्याचेच तुकडे चुन्याशिवाय रचून बांध घातलेले आणि त्या पायऱ्यांवर द्राक्षवेली. येथे पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो. माती वाहून जाऊ नये म्हणून बांधांच्या मधून तिरके चर काढून ते एका मुख्य चरात सोडलेले असतात. वरून पाहिले तर पक्ष्याच्या पंजासारखी आकृती दिसते, म्हणून कातालानमध्ये या रचनेला ‘कोंबड्याचा पाय’ असेच नाव आहे. या मळ्यांतून दोन प्रकारची वाइन निघते : ‘कोलिऊर’ नावाची साधी आणि ‘बान्युल्स’ नावाची गोड. गोड वाइनसाठी रस आंबत असतानाच त्यात मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते. उतारावर यंत्र चालत नाही, सगळे हाताने करावे लागते, म्हणून कितीतरी पायऱ्या आता ओस पडल्या आहेत. चौदाव्या शतकातली, अलीकडे दुरुस्त केलेली कोर्तिना पवनचक्की आणि तिच्यावरचा सेंट-एल्म किल्ला यांकडे जाणारी पायवाट याच मळ्यांच्या कडेने जाते. तासाभराची चढण आहे. वरून दोन्ही खाड्या, आगगाडीचा रूळ आणि दक्षिणेला स्पेनकडे सरकत गेलेल्या डोंगररांगा एका नजरेत येतात. या लेखाचा पुढचा भाग त्या रांगांतून आलेल्या माणसांचा आहे.

१९३९ चा हिवाळा

२६ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकोच्या फौजांनी बार्सेलोना घेतले. स्पेनच्या प्रजासत्ताकाची हार ठरली. त्यानंतरच्या सुमारे तीन आठवड्यांत साडेचार-पाच लाख माणसे पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये आली. सैनिक, शिक्षक, बायका, मुले, म्हातारी माणसे, भर थंडीत, बहुतेक पायी. या लोंढ्याला इतिहासात ‘रेतिरादा’, म्हणजे माघार, असे नाव आहे.

त्यांत आन्तोनिओ माचादो होता. १८७५ मध्ये सेव्हिल येथे जन्मलेला, कास्तीलच्या उजाड माळांवर अत्यंत साध्या शब्दांत लिहिणारा कवी. आयुष्यभर लहान गावांच्या शाळांत फ्रेंच शिकवून त्याने पोट भरले. यादवी युद्धात तो अखेरपर्यंत प्रजासत्ताकाच्या बाजूने लिहीत राहिला. त्याचा थोरला भाऊ मानुएल, तोही नामवंत कवी, फ्रँकोच्या बाजूला अडकला. एकाच घराची अशी दोन शकले झाली.

त्रेसष्ट वर्षांचा, दम्याने आणि हृदयविकाराने खंगलेला माचादो, त्याची ऐंशी ओलांडलेली आई आना रुईस, भाऊ होसे आणि भावजय यांनी २७ जानेवारीला पावसात सरहद्द ओलांडली. सामान वाटेतच सुटले आणि त्याबरोबर त्याचे कागदही गेले. सेर्बेर स्टेशनात एका उभ्या डब्यात रात्र काढून दुसऱ्या दिवशी ते कोलिऊरला उतरले. स्टेशनापासून चौकापर्यंत म्हाताऱ्या आईला उचलून न्यावे लागले. उचलून नेणारे लेखक कोर्पुस बार्गा यांनी पुढे सांगितले, की ती वाटेत विचारत होती, आपण सेव्हिलला लवकरच पोचू ना?

ओढ्याकाठच्या बुन्योल-किंताना या साध्या हॉटेलात त्यांना आसरा मिळाला. मालकीणबाईंनी पैशांची घाई केली नाही. स्टेशनातल्या एका तरुण कारकुनाने नोंदवहीतले नाव वाचून विचारले, की आपण ते कवी तर नव्हे? रात्रीच्या वर्गात स्पॅनिश शिकताना त्याने माचादोच्या कविता पाठ केल्या होत्या. त्याच्याच आठवणीत असेही आहे, की दोघे भाऊ जेवायला एकत्र खाली येत नसत. कारण पुढे कळले. अंगावर घालण्याजोगा सदरा दोघांत एकच होता.

२२ फेब्रुवारी १९३९ रोजी माचादो वारला. तीन दिवसांनी आई गेली. पुढे भावाला त्याच्या कोटाच्या खिशात एक चुरगळलेला कागद सापडला. त्यावरची शेवटची ओळ बालपणीच्या उन्हाविषयी आहे. सेव्हिलच्या उन्हात वाढलेला माणूस कोलिऊरच्या उन्हात बसून ती लिहीत होता. मातीसला जे ऊन नवे वाटले होते, ते माचादोला ओळखीचे वाटले, एवढेच त्यावरून म्हणता येते.

प्रजासत्ताकाच्या तिरंगी झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी स्पेनच्या घोडदळाच्या सैनिकांनी खांद्यावर वाहिली. हे सैनिक राजवाडी किल्ल्यात डांबलेले होते. अंत्ययात्रेपुरते त्यांना बाहेर सोडले गेले. माचादोच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी फ्रान्सने फ्रँकोच्या सरकारला मान्यता दिली. मार्चमध्ये त्याच किल्ल्यात ‘धोकादायक’ मानलेल्या स्पॅनिश निर्वासितांसाठी शिक्षेची छावणी रीतसर सुरू झाली. शेकडो माणसे तेथे कडक पहाऱ्यात सक्तमजुरी करत राहिली. मायोर्काच्या राजांचे उन्हाळी निवासस्थान म्हणून आज आपण ज्या दालनांतून तिकीट काढून फिरतो, त्याच दालनांचा हाही इतिहास आहे.

माचादोला पहिली जागा मिळाली ती हॉटेलच्या मालकिणीच्या एका मैत्रिणीने देऊ केलेल्या थडग्यात. १९५८ मध्ये वर्गणीतून त्याच्यासाठी आणि आईसाठी स्वतंत्र कबर झाली. गावच्या जुन्या दफनभूमीत दारातून आत शिरताच ती दिसते. तिच्यावर नेहमी ताजी फुले असतात, झेंड्याच्या फिती असतात, आणि शेजारी एक टपालपेटी आहे. जगभरातून लोक माचादोला पत्रे लिहितात आणि त्या पेटीत टाकतात. गावातली माचादो संस्था ती जपून ठेवते. १९५९ मध्ये, विसाव्या स्मृतिदिनी, फ्रँकोच्या स्पेनमधून हिमे गिल दे बिएद्मा, आन्खेल गोन्सालेस, ब्लास दे ओतेरो, होसे आगुस्तिन गोय्तिसोलो असे कवी येथे जमले. त्या भेटीचा फोटो स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. देशात जे बोलता येत नव्हते ते सांगण्यासाठी त्यांनी सरहद्दीपलीकडची ही कबर निवडली. स्पेनचा पंतप्रधान पदावर असताना या कबरीपाशी आला तो मात्र २०१९ मध्ये, ऐंशी वर्षांनी.

वाळूवरची छावणी आणि उलटी वाट

कोलिऊरच्या उत्तरेला काही किलोमीटरवर आर्जेलेस-स्युर-मेर हे गाव आहे. किनाऱ्याच्या पायवाटेने चालत जाता येते. तेथे लांबच लांब सपाट वाळू आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये निर्वासितांना ठेवण्यासाठी सरकारने ही वाळू निवडली. पहिल्या दिवसांत निवाराच नव्हता. काटेरी तार, समुद्र आणि वारा. लोकांनी हातांनी वाळूत खड्डे खणून त्यांत रात्री काढल्या. या किनाऱ्यावर ‘त्रामोंतान’ नावाचा वायव्येचा बोचरा वारा दिवसेंदिवस वाहतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खड्ड्यांचा अर्थ कळतो. छावणीतल्या माणसांची संख्या एक लाखाच्या आसपास पोचली. आज त्याच वाळूमागे उन्हाळी पर्यटकांचे तंबू आणि फिरती घरे दाटीने उभी राहतात. गावात छावणीचे स्मृतिसंग्रहालय आहे, स्पॅनिशांची दफनभूमीही आहे.

थोडे आत एल्न या गावी एका जुन्या हवेलीत एलिझाबेथ आयडेनबेन्झ या तरुण स्विस शिक्षिकेने १९३९ च्या अखेरीस प्रसूतिगृह उघडले. छावण्यांतल्या गरोदर बायकांना ती तेथे घेऊन येई. १९४४ मध्ये जर्मनांनी ते बंद करेपर्यंत तेथे ५९७ बाळे जन्मली. आधी स्पॅनिश, नंतर ज्यू आणि इतर निर्वासित स्त्रियांची. ती हवेली आज पाहायला खुली आहे.

दक्षिणेकडे वळले, की बान्युल्स लागते. मूर्तिकार आरिस्तिद मायोल याचे हे गाव. त्याच्या मळ्यातल्या घरी त्याची समाधी आणि लहानसे संग्रहालय आहे. पण बान्युल्सहून निघणारी एक डोंगरवाट आपल्या विषयाची आहे. सप्टेंबर १९४० मध्ये, फ्रान्स हिटलरपुढे पडल्यावर, जर्मन ज्यू विचारवंत वाल्टर बेन्यामिन लिझा फित्कोच्या मार्गदर्शनाखाली या वाटेने स्पेनमध्ये उतरला. पलीकडे पोर्तबोऊ येथे स्पॅनिश पोलिसांनी त्याला परत पाठवण्याचे ठरवले आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. त्याने स्वतःच जीवन संपवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील दफनभूमीबाहेर दानी कारावान या शिल्पकाराने १९९४ मध्ये स्मारक केले : गंजलेल्या पोलादाचा एक अरुंद जिना, जो थेट समुद्राच्या दिशेने उतरतो आणि मध्येच काचेपाशी थांबतो.

दीड वर्षात एकाच डोंगरावरून माणसे आधी उत्तरेकडे आणि मग दक्षिणेकडे पळाली. दोन्हीकडे दार बंद होते. त्या दोन प्रवासांच्या मध्यावर कोलिऊर आहे.

कसे पाहावे

कोलिऊरला पेर्पिन्यांहून आगगाडीने पंचवीस-एक मिनिटे लागतात. हीच गाडी पुढे पोर-व्हांद्र, बान्युल्स, सेर्बेर करत पोर्तबोऊला जाते, म्हणजे माचादोचा आणि बेन्यामिनचा दोन्ही रस्ते एकाच रुळावर आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये गावात पाऊल ठेवायला जागा नसते. त्यातही ऑगस्टच्या मध्यावर संत व्हांसांचा उत्सव आणि दारूकामाची रात्र असते, तेव्हा तर नाहीच. मे किंवा सप्टेंबर चांगला. बुधवारी आणि रविवारी सकाळी चौकात बाजार भरतो.

एक पूर्ण दिवस असेल, तर क्रम असा ठेवावा. सकाळी ऊन वर येण्याआधी दफनभूमी, मग ओढ्याकाठचे ते हॉटेल. त्यानंतर किल्ला, पण दोन्ही इतिहास लक्षात ठेवून. दुपारी आंश्वाचा कारखाना आणि जेवण. ‘तांप्लिये’ या खानावळीच्या भिंती चित्रकारांनी दिलेल्या चित्रांनी भरलेल्या आहेत, तेथे कॉफी घेता येते. उतरत्या उन्हात फोव्हिझमची वाट. दुसरा दिवस मिळाला तर पवनचक्कीची चढण, आणि आर्जेलेस किंवा पोर्तबोऊ यांपैकी एक.

रंगांची वाट शेवटी ठेवण्याचे कारण आहे. ती आधी चालली, तर गाव एक सुंदर देखावा वाटतो आणि बाकीचे सगळे त्या देखाव्याला लागलेले गालबोट वाटते. शेवटी चालली, की दरेंच्या त्या पत्रातली कल्पना नीट समजते. सावली नाही असे त्याला म्हणायचे नव्हते. सावली कुठे आहे हे त्याला चांगले दिसत होते. तिथेही रंग असतो आणि तो पाहायला डोळे हवेत, असे त्याचे म्हणणे होते. कोलिऊरच्या टपालपेटीत पत्र टाकणारी माणसे आजही तेच करत आहेत.